‘फ्लाइंग डॉक्टर’चे पहिले विमान आणि विसरलेला बिनतारी संच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत, दुर्गम वस्त्यांवर विमानाने डॉक्टर पाठवणाऱ्या ऑस्ट्रेलियातील ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवेच्या ‘व्हिक्टरी’ या पहिल्या विमानाविषयी आलेला लेख मी आस्थेने वाचला. दुर्गम भागातील रुग्णसेवेवर आपल्याकडे फार कमी लिहिले जाते, त्यामुळे इतक्या दूरच्या विषयाला आपण पानभर जागा दिलीत याबद्दल लेखकाचे आणि आपले आभार मानतो. मात्र लेखात दोन चुका राहून गेल्या आहेत आणि एक मोठी उणीव आहे. चुका लहान आहेत. उणीव मात्र अशी आहे की तिच्यामुळे त्या विमानाचा इतिहासच एका पायावर उभा राहिल्यासारखा वाटतो. मी तार खात्यात 34 वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे ही उणीव मला इतरांपेक्षा थोडी अधिक बोचली असेल, हेही आधीच कबूल करतो.

पहिली चूक या सेवेचे प्रवर्तक जॉन फ्लिन यांच्याविषयीची. लेखात त्यांचा उल्लेख ‘डॉ. फ्लिन’ असा आहे आणि ते स्वतः विमान घेऊन रुग्णांकडे जात असत, असा वाचकाचा समज होतो. फ्लिन हे डॉक्टर नव्हते आणि वैमानिकही नव्हते. ते प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते आणि 1912 मध्ये त्यांनी अंतर्भागातील वस्त्यांसाठी ‘ऑस्ट्रेलियन इनलँड मिशन’ ही संस्था सुरू केली होती. त्या काळी तिथल्या सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर प्रदेशात अवघे दोन डॉक्टर होते, असे त्या सेवेच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते. आपल्या महाराष्ट्राचे क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरच्या थोडे वर आहे. म्हणजे सहा महाराष्ट्र एकापुढे एक मांडावेत आणि त्यांत मिळून दोनच दवाखाने उघडे असावेत, असा तो प्रकार होता.

दुसरी चूक विमानाची. ‘व्हिक्टरी’ हे विमान रुग्णांसाठी खास बनवलेले ‘उडते रुग्णालय’ होते, असे लेखक म्हणतात. प्रत्यक्षात ते डी हॅविलंड कंपनीचे डी. एच. 50 जातीचे साधे प्रवासी विमान होते. क्वांटास ही तेव्हा टपालाची आणि मोजक्या प्रवाशांची ने-आण करणारी एक लहान कंपनी होती, आणि तिचे एक संस्थापक हडसन फिश यांनी फ्लिन यांच्याशी करार करून हे विमान मैलामागे दोन शिलिंग अशा दराने भाड्याने दिले होते. विमान भाड्याचे, वैमानिक कंपनीचा आणि डॉक्टर मिशनचा, अशी ती व्यवस्था होती. ‘सनशाइन’ नावाची कापणी यंत्रे बनवणारे उद्योगपती ह्यू मॅके यांनी मृत्युपत्रात दोन हजार पौंड ठेवले नसते, तर तेवढीही झाली नसती. शिवाय हा सगळा खटाटोप एक वर्षाचा प्रयोग म्हणून मांडलेला होता, हेही विसरू नये.

ते विमान कसे होते हे वाचकांना नीट सांगायला हवे, कारण आजच्या चकचकीत छायाचित्रांशेजारी त्याचे नाव छापले की डोळ्यांपुढे भलतेच चित्र उभे राहते. ते दुपंखी होते, लाकडी सांगाड्यावर कापड ताणून बनवलेले. इंजिन एकच, साधारण 230 अश्वशक्तीचे, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंखांची लांबी तेरा मीटर. वेग ताशी ऐंशी मैलांच्या आसपास, म्हणजे आजच्या द्रुतगती महामार्गावर एखादी मोटार जितक्या वेगाने जाते साधारण तितकाच. पुढे चार माणसे बसतील अशी बंद खोली होती आणि तिच्या मागे, उघड्यावर, वैमानिकाची जागा. रुग्ण आणि डॉक्टर छपराखाली, तर वैमानिक ऊन, वारा आणि धूळ अंगावर घेत पाठीमागे! विमानात बिनतारी यंत्रणा नव्हती आणि दिशा दाखवणारी आधुनिक साधने तर नव्हतीच. कोरड्या नद्यांची पात्रे, कुंपणांच्या रेषा, कच्चे रस्ते आणि तारांचे खांब यांच्या मागावर राहून वैमानिक आर्थर अॅफ्लेक उडत असत. तारांचे खांब हा उल्लेख वाचल्यावर माझ्यासारख्या माणसाला किती बरे वाटले असेल, हे आपण समजू शकाल.

17 मे 1928 रोजी क्वीन्सलँडमधील क्लोनकरी या गावाहून हे विमान पहिल्या कामगिरीवर निघाले. त्यात केनियन सेंट व्हिन्सेंट वेल्च हे डॉक्टर होते. ज्यूलिया क्रीक हे त्यांचे ठिकाण 85 मैलांवर, म्हणजे 137 किलोमीटर दूर होते आणि तिथे विमान उतरताना पाहायला शंभरावर माणसे जमली होती. पहिल्या वर्षात 50 उड्डाणे झाली, 26 ठिकाणी विमान गेले आणि 225 रुग्णांवर उपचार झाले. आकडे आजच्या मानाने लहान वाटतील, परंतु ज्या कुरणांवर आजारी माणसाला बैलगाडीत किंवा घोडागाडीत घालून अनेक दिवस न्यावे लागे, तिथल्या लोकांना ते लहान वाटले नसणार. (तिथे ‘स्टेशन’ म्हणजे रेल्वेचे नव्हे. गुरे किंवा मेंढ्या पाळण्याच्या अवाढव्य कुरणालाच ते स्टेशन म्हणतात. आपल्या लेखात या शब्दाचा घोटाळा झाला आहे आणि त्यामुळे एका परिच्छेदात विमान रेल्वे स्थानकावर उतरते!)

आता मूळ मुद्दा, म्हणजे ती उणीव. विमान आले, डॉक्टर आला, पैसे आले. पण अडीचशे मैलांवरच्या कुरणात कोणी घोड्यावरून पडले, तर हे क्लोनकरीला कळणार कसे? लेखात या प्रश्नाचा मागमूसही नाही. विमान आकाशात आपोआप योग्य वेळी प्रकट झाले असावे, अशीच एकूण मांडणी आहे.

हा प्रश्न किती जीवघेणा होता, हे विमान येण्याच्या अकरा वर्षे आधीच एका घटनेने दाखवून दिले होते. 1917 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात रुबी प्लेन्स नावाच्या कुरणावर जिमी डार्सी हा तरुण गुराखी घोड्यावरून पडून गंभीर जखमी झाला. सोबत्यांनी त्याला गाडीत घालून कित्येक तास प्रवास करत हॉल्स क्रीक या गावी आणले. तिथे डॉक्टर नव्हता. होते ते पोस्टमास्तर फ्रेड टकेट, ज्यांनी कधीकाळी प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले होते. जवळच्या गावांतील डॉक्टरांशी संपर्क होईना, तेव्हा त्यांनी प्रथमोपचाराचे धडे देणारे आपले जुने शिक्षक, पर्थ येथील डॉ. होलंड यांना तार केली. मग तारेवरच प्रश्न आणि उत्तरे सुरू झाली. लक्षणे कळवायची, उत्तराची वाट पाहायची, पुन्हा तपासून कळवायचे. मूत्राशय फुटले असल्याचे निदान झाले आणि ताबडतोब शस्त्रक्रिया करावी लागेल, असे डॉक्टरांनी कळवले. भूल देण्याचे औषध नव्हते, शस्त्रे नव्हती. पोस्टमास्तरांनी खिशातला चाकू घेतला, निर्जंतुक करण्यासाठी पोटॅशियम परमँगनेट वापरले आणि तारेवरून येणाऱ्या सूचनांप्रमाणे डार्सीचे पोट फाडले.

संपादक महोदय, मी आयुष्यभर कानाने तारा घेतल्या आहेत. कट्ट-कडकट्ट असा आवाज कानावर पडत असतो आणि हात आपोआप अक्षरे लिहीत जातो, मजकुराकडे मन द्यायचे नसते, कारण मन दिले की पुढचे अक्षर सुटते. कोणाच्या घरी मूल झाले, कोणाच्या घरी मयत झाली, हे लिहिणाऱ्याला पान पूर्ण झाल्यावरच कळते. आमच्या पिढीत ‘तार आली’ एवढे ऐकूनच घरातल्या बायका रडायला लागत, लिफाफा फोडायच्या आधीच. त्या पोस्टमास्तराने हातात चाकू धरून कानाने तेच कट्ट-कडकट्ट ऐकावे, एक अक्षर चुकले तर जीव जाईल हे ठाऊक असताना, याची मला अजूनही नीट कल्पना करवत नाही.

डॉ. होलंड स्वतः निघाले. गुरे वाहणाऱ्या जहाजातून त्यांनी डर्बी बंदर गाठले आणि तिथून फोर्ड मोटारीने, शेवटी ती बंद पडल्यावर घोडागाडीने, असा अडीच हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून ते हॉल्स क्रीकला पोहोचले. डार्सी आदल्या दिवशी मरण पावला होता. शस्त्रक्रिया नीट झाली होती, मृत्यू दुसऱ्याच आजाराने आला. त्या दिवसांत ऑस्ट्रेलियातील वर्तमानपत्रांनी ही हकीकत दिवसेंदिवस छापली आणि सारा देश तिच्याकडे लक्ष ठेवून होता.

त्याच वर्षी, नोव्हेंबर 1917 मध्ये, क्लिफर्ड पील या व्हिक्टोरिया प्रांतातील तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने फ्लिन यांना एक पत्र लिहिले. तो युद्धावर निघालेला वैमानिक होता. विमान अंतर्भागातील रुग्णांपर्यंत कसे नेता येईल, वेग किती, खर्च किती, धोका किती, याचा त्याने हिशेब मांडला होता. फ्लिन यांनी ते पत्र आपल्या ‘द इनलँडर’ या नियतकालिकात छापले. पील 19 सप्टेंबर 1918 रोजी फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. आपले पत्र कोणी मनावर घेतले, हे त्याला कधीच कळले नाही. एका नियतकालिकाच्या संपादकाला आलेले आणि त्याने छापलेले हे पत्र होते, एवढे नम्रपणे आपल्या निदर्शनास आणतो.

तर, 1917 मध्ये तार होती पण विमान नव्हते, आणि 1928 मध्ये विमान आले पण तारेचे खांब ज्या कुरणांपर्यंत पोहोचले नव्हते तिथून हाक मारायला काहीच नव्हते. ही फट भरून काढली ती आल्फ्रेड ट्रेगर या अॅडलेडच्या विद्युत अभियंत्याने. लेखात त्याचे नाव एकदाही आलेले नाही. फ्लिन यांनी 1926 मध्येच त्याला सोबत घेऊन मध्य ऑस्ट्रेलियात बिनतारी संचांचे प्रयोग केले होते, परंतु ते जड आणि महागड्या बॅटऱ्यांवर चालत, आणि कुरणावरच्या कुटुंबाला ते परवडणे शक्य नव्हते. हाताने फिरवायचे जनित्र करून पाहिले तर एक हात त्यातच गुंतून राही, मग संदेश पाठवणार कोण? ट्रेगरने उत्तर शोधले ते सायकलच्या पायडलमध्ये. खुर्चीवर बसून पाय मारले की संचाला पुरेल एवढी वीज तयार होई आणि दोन्ही हात मोकळे राहत. एक हात मोर्सच्या खटक्यावर, दुसऱ्यात पेन्सिल. या संचाचा पल्ला सुमारे तीनशे मैलांचा होता आणि किंमत 33 पौंड. 1929 मध्ये क्वीन्सलँडमधील ऑगस्टस डाउन्स या कुरणावर पहिला पायडलचा संच बसला, आणि त्यानंतरच ‘व्हिक्टरी’ खऱ्या अर्थाने रुग्णवाहिका झाली, असे माझे मत आहे.

ट्रेगरची दुसरी युक्ती तर मला पहिल्याहून मोठी वाटते. कुरणावर संच चालवायचे काम बहुतेक वेळा घरच्या बाईकडे येई आणि स्वयंपाकपाणी, मुले, गडीमाणसे सांभाळून मोर्सची बिंदू-रेषांची लिपी शिकायला तिला सवड कुठली? आम्हाला ती पगार घेऊन, महिनोन्‌महिने सराव करून शिकावी लागली, तरी पहिल्या वर्षी चुका होतच. ट्रेगरने टंकलेखन यंत्रासारखा कळफलक बनवला. ‘अ’ची कळ दाबली की संच स्वतःच ‘अ’चा मोर्स संकेत पाठवी. पुढे 1930 च्या दशकाच्या मध्यापासून प्रत्यक्ष बोलणेही शक्य झाले. मग दिवसातली ठरावीक वेळ रुग्णांची आणि दुसरी ठरावीक वेळ शेकडो मैलांवरच्या शेजारणींच्या गप्पांची, असा क्रमच पडला. या गप्पांना तिथे ‘गाला’ नावाच्या कलकलाट करणाऱ्या गुलाबी-करड्या काकाकुव्याचे नाव मिळाले. आपण साळुंक्यांची शाळा म्हणू. हे थट्टेचे वाटेल, पण रोज वापरात असलेलाच संच अडीनडीला चालतो. 1951 मध्ये अॅलिस स्प्रिंग्ज येथे याच बिनतारी जाळ्यावर दूरच्या मुलांसाठी ‘आकाशशाळा’ भरू लागली.

औषधांच्या पेटीचाही उल्लेख राहिला. 1942 पासून कुरणांवर एकसारख्या पेट्या देण्यात आल्या आणि त्यांतील प्रत्येक औषधावर क्रमांक घातलेला असे. डॉक्टरने बिनतारी संचावरून सांगायचे की अमुक क्रमांकाची बाटली काढा आणि तमुक वेळा द्या. अवघड नावे उच्चारायची नाहीत, ऐकताना घोटाळा नाही. शरीराचे चित्र आणि त्यावर भागांचे आकडे असा तक्ताही नंतर आला, म्हणजे दुखते कुठे हे आकड्याने सांगता येई. कित्येक वेळा विमान उडवण्याची वेळच येत नसे. तार खात्यात आम्ही सणांच्या शुभेच्छांना क्रमांक दिले होते. गिऱ्हाइकाने आकडा लिहिला की पलीकडे ठरलेले वाक्य उमटे. त्यामुळे ही पद्धत वाचली तेव्हा ज्याने ती योजली त्याला मनोमन रामराम केला.

‘व्हिक्टरी’वरून लेखकाने थेट आजच्या जेट विमानांवर उडी मारली आहे. मधल्या काळातील ‘ड्रोव्हर’ विमानाविषयी दोन ओळी असत्या तर बरे झाले असते, कारण सगळीच जुनी विमाने गौरवाची नसतात हे त्यातून दिसले असते. ‘ड्रोव्हर’ म्हणजे गुरे हाकणारा. डी हॅविलंडच्या ऑस्ट्रेलियन शाखेने सिडनीजवळ बनवलेल्या या तीन इंजिनांच्या विमानाचे पहिले उड्डाण 23 जानेवारी 1948 रोजी झाले आणि एकूण वीसच विमाने तयार झाली. फ्लाइंग डॉक्टर सेवेने ती आवडीने घेतली. एक इंजिन बंद पडले तरी दोन उरतात, हा दिलासा मोठा होता. परंतु मूळ इंजिने अशक्त होती, अंतर्भागातील उन्हाळ्यात विमान जड चाले, आणि पंख्याच्या पात्यांत दोष होता. क्वांटासचे असेच एक विमान 16 जुलै 1951 रोजी न्यू गिनीच्या किनाऱ्याजवळ मधल्या इंजिनाचा पंखा तुटून समुद्रात पडले आणि सात जणांचा मृत्यू झाला. पुढे 1960 च्या सुमारास अधिक ताकदीची इंजिने बसवल्यावर ती विमाने पुष्कळ सुधारली. मधल्या वर्षांत त्याच विमानांतून वैमानिक, डॉक्टर आणि परिचारिका रोज जात होत्या, हे लक्षात ठेवायला हवे.

फ्लिन यांची थोरवी सांगताना लेखकाने केवळ भक्तिभाव ठेवला आहे. सेवेला 1955 मध्ये ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली, तेव्हा फ्लिन हयात नव्हते, त्यांचे निधन 1951 मध्ये झाले. ‘सुरक्षिततेचे पांघरूण’ हा त्यांचा आवडता शब्दप्रयोग होता. ते पांघरूण मूळ रहिवासी आदिवासींपर्यंत पोहोचावे याची त्यांच्या मिशनने पुरेशी काळजी घेतली नाही, अशी टीका अॅडलेडचे डॉक्टर चार्ल्स ड्यूगिड यांनी उघडपणे केली होती. या कथेचा एक विचित्र शेवटही आहे. अॅलिस स्प्रिंग्जजवळ फ्लिन यांच्या समाधीवर ठेवलेली प्रचंड शिळा कार्लू कार्लू नावाच्या, आदिवासींच्या पवित्र स्थानातून न विचारता आणली होती. अनेक वर्षांच्या विनंतीनंतर 1999 मध्ये ती मूळ जागी परत गेली आणि तिच्या जागी स्थानिक अरेंते लोकांनी दिलेली दुसरी शिळा बसवण्यात आली. हा प्रसंग मला विमानाइतकाच सांगण्याजोगा वाटतो.

हे सगळे लिहिण्याचे कारण केवळ ऑस्ट्रेलियाचे प्रेम नाही. नोकरीची काही वर्षे मी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, आता गडचिरोलीत गेलेल्या भागात, एका लहानशा कचेरीत काढली. पावसाळ्यात जंगलात झाड पडून तार तुटली की लाइन मेली म्हणायचे आणि लाइनमन खांद्यावर तारेचे वेटोळे घेऊन चिखलातून निघायचा. तो परत येईपर्यंत कोणाला साप चावला काय किंवा बाळंतीण अडली काय, आम्ही यंत्रासमोर नुसते बसून असायचो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी आपले दैनिक आजही जवळजवळ दर पावसाळ्यात छापते. हेलिकॉप्टर आणि हवाई रुग्णवाहिका यांच्या घोषणा झाल्या की आपल्याकडे किती यंत्रे आणि किंमत किती एवढेच विचारले जाते. शेवटच्या पाड्यावरून निरोप कोण देणार, तो कोण घेणार, आणि विमान येईपर्यंत घरातल्या माणसाने काय करायचे, हे कोणी विचारत नाही.

शेवटी एक लहानशी विनंती. लेखासोबत आपण ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवरील ‘व्हिक्टरी’चे चित्र मोठे करून छापले आहे. माझी मुलगी ब्रिस्बेनला असते आणि गेल्या खेपेला तिने आणलेली तशी एक नोट माझ्या मेजाच्या काचेखाली आहे. भिंग घेऊन पाहिले तर फ्लिन यांच्या चेहऱ्याशेजारी विमान आहे, उंटावर बसून दूरच्या वस्त्यांना भेट देणारा एक धर्मोपदेशक आहे, आणि त्याच बाजूला ट्रेगरचे पायडलचे जनित्रही आहे. आपण छापताना नोटेचा तेवढा भाग नेमका कापला गेला आहे. पुढच्या रविवारी जागा असल्यास ती पूर्ण बाजू छापावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त तार कर्मचारी, नागपूर